जिनिव्हाची साइट बंद पाडून सोलापूरच्या मागाला काय मिळणार?

धोटा

नमस्कार मंडळी.

आमच्या टॉवेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय. ठरलेल्या तारखेला रात्री नऊला जगभरातून लोक जागतिक व्यापार संघटनेच्या साइटवर एकदम तुटून पडणार. आपण खालच्या लिंकवरून एक फाइल उतरवून मोबाइलमध्ये टाकायची, पुढचं ती फाइल बघून घेईल. साइट झोपेल आणि आपला निषेध थेट जिनिव्हात, तिच्या मुख्यालयात, पोचेल. खाली आवळलेली मूठ, तिरंगा आणि 'जास्तीत जास्त पुढं पाठवा'.

एरवी मी असले मेसेज न वाचता उडवतो. पण ऑगस्टपासून ग्रुपचा नूर बदललाय. अमेरिकेनं ७ ऑगस्ट २०२५ पासून २५ टक्के आणि २७ ऑगस्टपासून वर आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं. टेरी टॉवेलमध्ये मुळात सुटतं किती, हे इथल्या निम्म्या लोकांना ठाऊक आहे. ज्यांचा माल मुंबईच्या निर्यातदारामार्फत तिकडं जायचा, त्यांचे बीम भरून तयार आहेत आणि माग उभे आहेत. शेजारच्या शेडमध्ये दोन पाळ्यांची एक झाली. चिडलेली माणसं कुठलीही लिंक दाबायला तयार असतात.

विचारायचं एवढंच. साइटवर असं धरणं धरायचा प्रकार आधी कुणी केलाय का? त्यातून कुणाच्या पदरात काही पडलं का? आणि पोलिसांचं लफडं मागं लागतं का?

बार्शीलाईट

मी रिफ्रेश मारायला तयार आहे. आमच्या गल्लीत रेंज आली की कळवतो, तोवर क्रांती रोखून धरा.

पुण्यात_अडकलेली

धोटाकाका, बाकी चर्चा नंतर. ती फाइल एपीके, म्हणजे थेट ॲप बसवणारी, असेल तर आधी ग्रुपवर ओरडून सांगा की कुणी टाकू नका. टाकली असेल त्यानं नेट बंद करून ती काढावी, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावेत. लग्नपत्रिका, वाहनाचा दंड, वीजबिल अशा नावांनी हाच खेळ चालतो. आता निषेधाच्या नावानं आलाय. जिनिव्हाची साइट झोपेल न झोपेल, तुमचं खातं मात्र झोपेल.

आणि समजा मेसेज खरा असला तरी तांत्रिक बाजूनं त्यात दम नाही. आज मोठ्या साइटींच्या प्रती जगभरातल्या सर्व्हरवर पसरलेल्या असतात. सोलापुरातून हजार जणांनी रिफ्रेश केलं तर ते जवळच्या एखाद्या सर्व्हरवर जिरून जातं. साइट खरोखर पाडायची तर हजारो बळकावलेली यंत्रं लागतात, आणि मग ते आंदोलन राहत नाही. एका माणसाच्या हातात दहा हजार दुसऱ्यांची यंत्रं असली तर तिथं दहा हजारांचा निषेध कुठं झाला?

पूर्वभाग

काय करलालाव मालक तुम्ही सगळे? टॅक्स लावला कुणी, अमेरिकेनं. साइट पाडायची कुणाची, तर जिनिव्हाची. ज्यानं मारलं त्याला सोडून शेजारच्याच्या दारात दगड! इथं माग बंद पडलालेत आणि ग्रुपवर मूठ फिरलालीय.

मालदांडी

धोटा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे, आणि ती हकीकत सांगण्यासारखी आहे.

नोव्हेंबर १९९९ अखेर अमेरिकेत सिॲटल इथं संघटनेची मंत्रिपरिषद होती. रस्त्यावर हजारो लोक उतरले, अश्रुधूर झाला, संचारबंदी लागली. त्याच दिवसांत इंग्लंडमधल्या 'इलेक्ट्रोहिप्पीज' नावाच्या छोट्या गटानं इंटरनेटवर धरणं धरलं. त्यांचं वेबपान उघडून ठेवलं की तुमचा संगणक संघटनेच्या पानांची पुन्हा पुन्हा मागणी करत राही. डायल-अपचा जमाना होता, तरी साडेचार लाखांवर लोक सामील झाले असा त्यांचा दावा होता. साइट अधूनमधून मंदावली. मग संघटनेची साइट सांभाळणाऱ्या कंपनीनं ही आवक ओळखली आणि उलट धरणेवाल्यांच्याच सर्व्हरकडं वळवली. म्हणजे मोर्चा फिरून स्वतःच्याच मांडवात शिरला.

ही युक्ती पहिल्यांदा त्यांनीच काढली, असंही नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका कलाकार गटानं मेक्सिकोच्या झापातिस्ता बंडखोरांच्या पाठिंब्यासाठी 'फ्लडनेट' नावाचा असाच कार्यक्रम लिहिला होता. झापातिस्तांनी उठाव केला तो १ जानेवारी १९९४ ला. त्याच दिवशी उत्तर अमेरिकेचा मुक्त व्यापार करार, नाफ्टा, लागू झाला. तारीख मुद्दाम निवडलेली होती.

इलेक्ट्रोहिप्पीजबद्दल मला एका गोष्टीचा आदर वाटतो. पुढच्या वर्षी जनुकबदल पिकांविरुद्ध असंच धरणं धरायचं की नाही, यावर त्यांनी लोकांचं मत मागवलं आणि पुरेसा पाठिंबा न मिळाल्यावर कार्यक्रम रद्द केला. आपल्याकडं बंद पुकारणाऱ्यांनी कधी असं विचारलंय?

सिॲटलची परिषद मोडली, हे खरं. पण ती मोडली रस्त्यावरच्या गर्दीमुळं, आणि आत बसलेल्या आफ्रिकी व इतर गरीब देशांच्या प्रतिनिधींमुळं. मोजके बडे देश बंद खोलीत मसुदे ठरवतात आणि आम्हाला फक्त मान डोलवायला बोलावतात, याला ते कंटाळले होते. साइट मंदावल्यामुळं कुणाचं मत फिरलं, असं मला तरी कुठं दिसलं नाही.

बार्शीलाईट

म्हणजे लढाई रस्त्यावर जिंकायची आणि श्रेय मोडेमनं घ्यायचं.

हुरडा_शौकीन

सोलापूरला आंदोलन शिकवू नका कुणी. मे १९३० मध्ये इथं काही दिवस इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. मार्शल लॉ लावावा लागला. चार हुतात्मे फासावर गेले. आणि आम्ही बोटानं रिफ्रेश करत बसायचं?

पूर्वभाग

आला मार्शल लॉ. आपल्याकडं धागा टॉवेलचा असो की टोमॅटोचा, दहा प्रतिसादांत मार्शल लॉ येतोच. हुतात्म्यांना नमस्कार आहे ओ, पण आता विषयावर या.

वकिलीण_होटगीरोड

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं.

माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३. परवानगीशिवाय एखाद्या संगणकव्यवस्थेत व्यत्यय आणणं, किंवा अधिकृत माणसाला तिथं पोचू न देणं, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'आम्ही शांततेनं निषेध करत होतो' हा बचाव मांडता येईल, पण तो मांडायला आधी आरोपी व्हावं लागतं. ज्या कारखानदाराला बँकेकडून खेळतं भांडवल घ्यायचंय त्यानं हा उद्योग करू नये.

जर्मनीत याच मुद्द्यावर खटला गाजला होता. निर्वासितांना विमानानं परत धाडण्यात लुफ्तान्साचा हात आहे म्हणून जून २००१ मध्ये काही संघटनांनी तिच्या साइटवर 'ऑनलाइन निदर्शनं' केली. आधी रीतसर जाहीर करून. खालच्या कोर्टानं आयोजकाला बळजबरीच्या गुन्ह्यात दोषी धरलं, २००६ मध्ये फ्रँकफर्टच्या वरिष्ठ कोर्टानं सोडून दिलं. मुद्दा असा होता की माऊसची कळ दाबणं म्हणजे कुणावर हिंसा किंवा धमकी होत नाही. निकाल वाचनीय आहे, पण सोलापूर कोर्टात तो बंधनकारक नाही.

आणखी एक. २०१५ साली इंटरनेटच्या समान वापरासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाला दहा लाखांवर ई-मेल गेले. ट्रायनं ते सगळे पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट साइटवर टाकले, लोक भडकले, आणि साइट बंद पडली. आम्हीच पाडली, असं एका निनावी हॅकर गटानं जाहीर केलं. पण फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायनं वेगवेगळ्या मजकुराला वेगळे दर लावायला मनाई केली. त्या आदेशामागं लोकांच्या हरकतींचं वजन होतं. साइट पाडणारे आज कुणाला आठवतही नाहीत.

कांदापट्टी

मी मोहोळकडचा. ऊस थोडा, कांदा जास्त. माझं मत इथं बऱ्याच जणांना झोंबेल.

व्यापार संघटना शेतकऱ्याची वैरीण आहे हे गृहीत का धरता? १९९० च्या दशकात डंकेल प्रस्ताव, म्हणजे जागतिक व्यापार खुला करायचा मसुदा, आला तेव्हा शेजारच्या कर्नाटकात नंजुंडस्वामींच्या रयत संघानं त्याविरुद्ध रान उठवलं. डिसेंबर १९९२ मध्ये बंगळूरात कारगिल या अमेरिकी कंपनीच्या कचेरीत घुसून कागदपत्रं बाहेर काढली. १९९९ मध्ये तर त्यांनी काहीशे शेतकरी युरोपात नेऊन तिथल्या रस्त्यांवर फिरवले. त्याच वेळी आपल्याकडं शेतकरी नेते शरद जोशी डंकेलच्या बाजूनं उभे होते. म्हणणं सरळ होतं: शेतकऱ्याला बाहेरच्यापेक्षा आपलंच सरकार जास्त लुटतं, बाजार मोकळा करा.

माझ्या पट्टीवरून सांगतो, जोशींचं मला पटतं. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद केली कुणी? जिनिव्हानं नाही, दिल्लीनं. ४ मे २०२४ ला उघडली, तीही ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान भाव लावून. सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आणलं, १ एप्रिल २०२५ ला उठवलं. तोवर आमचा कांदा मार्केट यार्डात ज्या भावानं गेला त्याचं दुःख मला कुणी सांगू नये. गंमत म्हणजे संघटनेच्या मुळाशी असलेल्या गॅट या व्यापार कराराच्या ११ व्या कलमात निर्यातबंदीला मनाई आहे. अन्नधान्याची गंभीर टंचाई असली तर तात्पुरती सूट आहे, आणि तिच्या आड सगळी सरकारं लपतात. म्हणजे तो करार काटेकोर पाळला असता तर फायदा माझाच होता.

मालदांडी

कांदापट्टी, कांद्यापुरतं मान्य. पण तुमचा थोडा ऊस आहे म्हणालात. मग हेही ऐका.

२०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वातेमाला यांनी भारताविरुद्ध तक्रार केली की एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, ही मर्यादेबाहेरची मदत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये संघटनेच्या पॅनलनं निकाल दिला: २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत भारतानं उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेवर गेला. निर्यात अनुदानंही नियमबाह्य ठरली. निकाल अमलात आला असता तर सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या गव्हाणीपर्यंत त्याची धग पोचली असती. जानेवारी २०२२ मध्ये भारतानं अपील केलं. पण अपील ऐकायचं कुणी? संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिका अडवून बसलीय. अपील हवेत लटकलंय आणि तेवढ्यापुरता आपला ऊस वाचलाय.

आता धोटांच्या टॉवेलकडं या. अमेरिकेनं भारतावर ५० टक्के लावलं आणि बाकी बहुतेक देशांवर त्याहून कमी, हे सगळ्या सदस्यांना सारखी वागणूक द्यायच्या मूळ तत्त्वात बसत नाही. समजा भारतानं तक्रार केली, पॅनलनं बाजूनं निकाल दिला, तरी अमेरिका त्याच रिकाम्या खुर्चीपुढं अपील करून मोकळी. एकाच बंद दरवाज्यानं ऊस वाचवला आणि टॉवेल उघड्यावर टाकला. असली संस्था मोडायची की दुरुस्त करायची, हा प्रश्न आहे. तिची साइट पाडणं हे उत्तर नाही. उलट वर सांगितलेले सगळे निकाल फुकट वाचायला मिळतात ते त्याच साइटवर.

धोटा

मालदांडी सर, हे दरवाज्याचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. असोसिएशनच्या बैठकीत 'सरकारनं तिथं जायला पाहिजे' एवढंच चालतं.

पुण्यात_अडकलेली

सगळेच ऑनलाइन प्रकार फालतू, असा सूर लागतोय म्हणून एक भर घालते. मला सगळ्यात आवडलेला किस्सा कापडधंद्यातलाच आहे.

अमेरिकेतल्या दोन खोडकर कार्यकर्त्यांनी, 'येस मेन' म्हणून ओळखले जातात, गॅटच्या नावाची एक नकली साइट चालवली होती. दिसायला हुबेहूब संघटनेची. वाचल्यावर कळे की थट्टा आहे. पण न वाचणारे खूप! तिथं खरीखुरी निमंत्रणं यायला लागली. ऑगस्ट २००१ मध्ये फिनलंडमधल्या टांपेरे इथं कापडउद्योगाची परिषद होती. टांपेरे म्हणजे तिकडचं जुनं गिरणगाव, आपल्यासारखंच. आयोजकांनी त्या साइटवरून संघटनेचा वक्ता मागितला. हे पोचले, खोटं नाव लावून, सुटाबुटात.

भाषणात सांगितलं काय? अमेरिकेचं गुलामगिरीवरचं यादवी युद्ध उगाच झालं, बाजारानं तो प्रश्न आपोआप सोडवला असता. गुलाम घरी आणून पोसण्यापेक्षा गरीब देशातच ठेवून राबवणं स्वस्त पडतं. गांधींची खादी ही व्यापार न समजलेल्या भल्या माणसाची चूक. मग मदतनिसानं वक्त्याचा सूट ओढून फाडला, आत सोनेरी अंगरखा, आणि पुढं फुगवून उभं राहणारं तीन फुटी यंत्र (आकार सांगत नाही, इथं मोठी माणसं आहेत). त्याच्या टोकाला पडदा. दूरदेशचे कामगार काम करतात की नाही हे मालकानं समुद्रकिनारी बसून त्यावर बघायचं.

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. एकानंही उठून हरकत घेतली नाही.

मला वाटतं, साडेचार लाख रिफ्रेशपेक्षा त्या टाळ्यांनी जास्त सांगितलं. साइट पाडली की समोरच्याचा आवाज बंद होतो, एवढंच. इथं त्याचाच आवाज थोडा वाढवून त्याला ऐकवला, आणि त्याला तो आपलाच वाटला.

हुरडा_शौकीन

जुन्या मिलच्या गावात बसून हे वाचताना अंगावर काटा आला. आमच्या आजोबांना पगारापेक्षा जास्त राग जॉबरच्या, म्हणजे मिलच्या मुकादमाच्या, नजरेचा होता. तो सोनेरी पडदा म्हणजे जॉबरच की.

पूर्वभाग

आता लाइव्ह कॅमेरे हायतच की प्रत्येक शेडमध्ये. मालक हैदराबादला लग्नाला गेला तरी मोबाइलवर बघलालाय कोण कांडी बदलतोय. त्या लोकांनी थट्टा केली, आपण हप्त्यानं विकत घेतली.

संपादक

पर्ससीनच्या जाळ्यांवर आलेले दोन आणि आखाडाच्या जेवणावर आलेले चार प्रतिसाद हलवले आहेत. विषयाला धरून लिहावे.

मालदांडी

ऑनलाइन चळवळीला खरं यश कुठं आलं, हे सांगायचं राहिलं. ते साइट पाडण्यात नाही, कागद फोडण्यात आलं.

१९९५ पासून पॅरिसमध्ये श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संस्थेत एका गुंतवणूक कराराच्या वाटाघाटी गुपचूप चालल्या होत्या. एमएआय नाव. सरकारच्या धोरणामुळं तोटा झाला तर परदेशी कंपनीनं थेट सरकारवर दावा ठोकायचा, असली कलमं त्यात होती. १९९७ मध्ये मसुदा फुटला आणि इंटरनेटवर आला. मग कॅनडा, अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया असे ठिकठिकाणचे गट तो कलमवार वाचून ई-मेलवर एकमेकांना अर्थ कळवू लागले. खासदारांच्या हातात मसुदा आधी आंदोलकांकडून पडायचा. ऑक्टोबर १९९८ मध्ये फ्रान्स बाहेर पडला आणि वर्ष संपता संपता वाटाघाटी गुंडाळल्या. एक दगड पडला नाही, एक साइट बंद झाली नाही.

यात मजा नसते, हे खरं. मूठ आवळलेलं चित्र एका क्षणात पुढं जातं. चाळीस पानी मसुद्यातलं नववं कलम कोण पुढं पाठवणार? पण मार्च २०२६ मध्ये कॅमेरूनमध्ये याउंडेला संघटनेची चौदावी मंत्रिपरिषद ठरली. ई-व्यापारावर सीमाशुल्क लावायचं नाही ही १९९८ पासून पुढं पुढं ढकललेली सवलत, सरकारी धान्यसाठ्याचा प्रश्न, हे सगळं तिथल्या विषयांत. असल्या विषयांवर वाणिज्य मंत्रालयाला सोलापुरातून एक तरी नीट लिहिलेलं पत्र जातं का, बघा.

कांदापट्टी

पत्र लिहून कोण वाचतं मालदांडी? २०२० च्या पर्यावरण मसुद्यावर लाखोंनी ई-मेल गेले, तर मोहीम चालवणाऱ्यांच्या साइटीच बंद केल्या होत्या. शेतकरी आंदोलनात डिसेंबर २०२० ला मोर्चाचं फेसबुक पान गायब झालं, ओरड झाल्यावर परत आलं. टूलकिट, म्हणजे आंदोलनाची माहिती देणारा कागद, शेअर केलं म्हणून एका पोरीला अटक झाली. तिन्ही कायदे मागं घेतले ते वर्षभर थंडीपावसात सीमेवर बसल्यावर.

वकिलीण_होटगीरोड

कांदापट्टींचा मुद्दा खोडता येत नाही. नुसत्या पत्रानं काही होतं असं मीही म्हणत नाही. पण सीमेवर बसलेल्यांच्या हातात कायद्याची कलमं पाठ होती, हे विसरू नका. त्यांच्या भाषेत अनुवाद करून, यूट्यूबवर समजावून सांगितलेली. बसणं आणि वाचणं दोन्ही चाललं होतं.

पूर्वभाग

मला जिनिव्हा नको, याउंडे नको. ऑनलाइन दुकानात बाहेरगावच्या मागावरची पातळ चादर 'सोलापुरी चादर' म्हणून निम्म्या भावात विकलालेत. फोटोवर मोर पण आपलाच. त्याचं काय करलालाव ते सांगा.

मालदांडी

हा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात कामाचा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. आणि ते ज्या १९९९ च्या कायद्याखाली मिळालं, तो कायदा भारतानं केला तो संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या कराराचं बंधन पाळण्यासाठी. ज्या संस्थेची साइट पाडायला निघालात, तिच्याच रेट्यानं तुमच्या चादरीला नाव राखायचा हक्क मिळालाय.

धोटा

लिंक ग्रुपवरून काढायला लावली. एपीकेच निघाली. तिघांनी टाकली होती, एकाच्या खात्यातून पैसे गेले, तो सायबरला जाऊन आला.

पूर्वभाग म्हणतात त्या चादरी आज शोधल्या. एका ठिकाणी 'अस्सल सोलापुरी, पॉलिकॉटन' असं लिहिलंय! स्क्रीनशॉट काढून ठेवतोय. ग्रुपवर टाकलं तर नव्वद जण एकदम तक्रार करायला तयार आहेत. ही तक्रार करायची कुठं?

वकिलीण_होटगीरोड

आधी दुकानाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ई-व्यापाराच्या नियमांनुसार तो नेमावाच लागतो आणि त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते. नव्वद जणांनी एकच मजकूर चिकटवू नका, तो गठ्ठ्यानं कचऱ्यात जातो. प्रत्येकानं वेगळी चादर, वेगळा स्क्रीनशॉट, तारीख, विक्रेत्याचं नाव असं द्या.

कोर्टात जायचं तर मात्र मानांकनाची मालक संस्था किंवा नोंदणीकृत 'अधिकृत वापरकर्ता' लागतो. नुसतं सोलापुरात चादर विणतो म्हणून दावा टिकत नाही. तुमची वैयक्तिक नोंदणी आहे का?

धोटा

नाही. आमच्या यंत्रमागवाल्यांच्या संघाची आहे म्हणून सगळ्यांचं झालं असंच आम्ही समजतो.

वकिलीण_होटगीरोड

तसं नसतं. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडं करायचा असतो, ऑनलाइन होतो. उत्पादनाचा पुरावा, उद्यम नोंदणी आणि संघाचं पत्र तयार ठेवा. नव्वदांतले किती जण येतील ते विचारून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बार्शीलाईट

त्या साइटवर नव्वद जण एकदम गेले तर ती पडेल ना?

पूर्वभाग

पडली तर पडू दे बे, आपण परत जाऊ. धोटा, माझं नाव धरा. उद्यम नोंदणी बायकोच्या नावावर हाय, चालतंय का ते विचारा मॅडमना.